तीन किलोवॅट घ्यायचे की दोन? ‘पीएम सूर्यघर’ आणि महावितरणच्या नेट मीटरचे परीक्षण

‘78 हजार रुपये अनुदान’ ही पाटी आता महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी दिसते. आकडा खरा आहे. घराच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवण्यासाठी फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजने’त पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्या किलोवॅटला 18,000 रुपये मिळतात. तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅट लावले तरी कमाल रक्कम 78,000 च. 2026-27 पर्यंत देशात एक कोटी घरे आणि 75,021 कोटी रुपये, असा तिचा पसारा आहे. योजना चांगली आहे, घरगुती ग्राहकासाठी आजवर आलेल्या सौर योजनांमध्ये सर्वांत सरळ आहे. पण या पाटीमुळे एक चूक सरसकट होते. लोक लाईट बिल बघून सोलर घेत नाहीत, अनुदानाचा मोठा आकडा बघून घेतात. दोन किलोवॅटमध्ये ज्यांचे काम भागले असते त्यांच्या गच्चीवर तीन किलोवॅट चढतात आणि तिसऱ्या किलोवॅटचे पैसे वर्षानुवर्षे वसूल होत नाहीत.

आकडेमोड करूनच बघू. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या पुढे असे आहेत. वहन आकार धरून पहिल्या टप्प्याचा दर स्थूलमानाने 6 रुपये आणि दुसऱ्याचा 11 रुपये, म्हणजे जवळपास दुप्पट. त्यावर 16 टक्के वीज शुल्क. म्हणजे हातात पडणारा खर्च पहिल्या टप्प्यात युनिटला 7 रुपये आणि दुसऱ्यात पावणेतेरा-तेरा. महिन्याला 250 युनिट जाळणाऱ्या घराचे बिल स्थिर आकारासह 2,750 च्या आसपास येते. महाराष्ट्रात एक किलोवॅट सोलर वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला 4, महिन्याला 120 युनिट देते.

या घराने पहिला किलोवॅट लावला की सर्वांत महागडी 120 युनिट आधी उडतात : महिन्याला सुमारे 1,500 रुपये वाचले. दुसऱ्या किलोवॅटने उरलेली 30 महाग युनिट आणि 90 स्वस्त युनिट जातात : आणखी हजारभर रुपये. आता बिलात राहिली 10 युनिट आणि स्थिर आकार. तिसरा किलोवॅट त्या 10 युनिटचे 70 रुपये वाचवतो, बाकीची 110 युनिट महावितरणच्या लाइनवर जातात आणि खात्यावर शिल्लक पडतात.

दोन किलोवॅटची किंमत साधारण 1.2 ते 1.45 लाख. 60,000 अनुदान वजा केले की घरचे 75,000 च्या आसपास लागतात आणि वर्षाला 30,000 वाचतात. धूळ, सावली, एखादा बंद पडलेला आठवडा धरला तरी तीन वर्षांत पैसे वसूल. तिसऱ्या किलोवॅटला अनुदान वजा जाता 35,000 तरी घालावे लागतात, आणि शिलकीच्या युनिटला तीन रुपये दर मिळाला असे धरले तरी त्याची वर्षाची कमाई 5,000 च्या आत राहते. सात वर्षे. हेच घर 350 युनिट वापरत असते तर तिसऱ्या किलोवॅटनेही महिन्याला 800 रुपये वाचवले असते आणि तो घेणे शहाणपणाचे ठरले असते. म्हणून विक्रेत्याला फोन करण्याआधी मागच्या बारा महिन्यांची युनिट एका कागदावर लिहा. महावितरणच्या बिलावर मागील वापराचा तक्ता छापलेला असतोच. बेरजेला 1,440 ने भागा. जे उत्तर येईल तितके किलोवॅट, वर पाव-अर्धा धरा. पुढच्या वर्षभरात एसी, इंडक्शन शेगडी किंवा विजेवरची स्कूटर नक्की येणार असेल तर त्यांची युनिट आधीच मिळवा. ‘कधीतरी घेऊ’ यासाठी मात्र पॅनेल लावू नका.

त्याआधी पंखे बघा. जुना छताचा पंखा 75 वॅट खातो, कमी विजेवर चालणारा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. चार पंखे रोज 12 तास चालणाऱ्या घरात फक्त या बदलाने महिन्याला 65 युनिट कमी होतात, म्हणजे अर्ध्या किलोवॅट सोलरचे काम. चार पंख्यांना 12,000 रुपये लागतात. गीझरचेही तसेच : 100 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला सुमारे 3 युनिट लागतात. छतावर सौर बंब असेल आणि तो बंद पडला असेल तर आधी तो दुरुस्त करा, नवीन पॅनेलपेक्षा ते स्वस्त पडते. छापील बिल नको, ई-मेलवर चालेल असे कळवले की महावितरणच्या ‘गो ग्रीन’मध्ये वर्षाचे 120 रुपये सुटतात. रक्कम लहान आहे, पण पाच मिनिटांचे काम आहे. स्मार्ट टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेनुसार वापर मोजणारा) बसलेल्या घरगुती ग्राहकांना 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळच्या वापरावर युनिटमागे 80 पैशांपासून सवलत सुरू झाली. ज्यांच्याकडे गच्चीच नाही त्यांनी वॉशिंग मशीन, पंप आणि इस्त्री या वेळेत आणावी.

अर्ज आणि कागदपत्रे

पोर्टलचे काम नेटके आहे, याचे श्रेय द्यायला हवे. पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर राज्य, वीज कंपनी, 12 अंकी ग्राहक क्रमांक, मोबाइल क्रमांक एवढ्यावर नोंदणी होते. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवरचे ग्राहक असाल तर यादीतून ती कंपनी निवडायची. मग अर्ज, त्याला मंजुरी, पोर्टलवरच्या यादीतून विक्रेत्याची निवड, बसवणी, नेट मीटर (आलेली आणि बाहेर गेलेली वीज दोन्ही मोजणारा), तपासणी, कार्यान्वयनाचे प्रमाणपत्र आणि शेवटी बँक खात्याचा तपशील, असा क्रम आहे. 2024 च्या केंद्रीय नियमदुरुस्तीनंतर 10 किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागत नाही, मंजूर भार कमी असेल तर तो वीज कंपनीनेच वाढवून घ्यायचा आहे, आणि 5 किलोवॅटपर्यंत रोहित्र किंवा वाहिनी सुधारण्याचा खर्चही कंपनीचा. ‘लोड वाढवायला इतके, फिजिबिलिटीला तितके’ अशी ओळ कोटेशनमध्ये दिसली तर ती कशाची, हे लेखी विचारा.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नावावर. वीज जोडणी अजून आजोबांच्या नावावर, घर वडिलांच्या नावावर, बँक खाते मुलाचे : महाराष्ट्रात ही स्थिती घरोघरी आहे. आधी महावितरणकडे नावबदल करा, त्याचा अंमल पुढच्या बिलावर दिसू द्या, मगच नोंदणी करा. थकबाकी शून्य हवी. खाते अर्जदाराच्याच नावाचे हवे, आणि बँकांच्या विलीनीकरणानंतर आयएफएससी बदलला असेल तर रद्द धनादेश नव्या चेकबुकातला द्या. पासबुकावर ‘पाटील आर. एस.’ आणि बिलावर पूर्ण नाव असा फरक असेल तर तोही आधीच मिटवा. प्रकल्प सुरू झाल्यावर अनुदान 30 दिवसांत खात्यात येणे अपेक्षित आहे. रखडलेल्या प्रकरणांत पहिल्यांदा हीच नावे तपासा.

महिन्याला 100 युनिटही न वापरणाऱ्या घरांसाठी राज्य सरकारने 2025 मध्ये ‘स्मार्ट’ ही जोडयोजना आणली. एक किलोवॅटचा खर्च 50,000 धरून केंद्राच्या 30,000 वर दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला 17,500, अनुसूचित जाती-जमातींना 15,000 आणि इतर पात्र ग्राहकांना 10,000 रुपये राज्य देते. म्हणजे घरचे 2,500, 5,000 किंवा 10,000. हिशेबाच्या दृष्टीने दोन्ही सरकारांचा सर्वांत योग्य खर्च हाच आहे, कारण इथे एक किलोवॅट पुरेसा होतो आणि बिल स्थिर आकारावर येते. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीत गावातली सगळी घरे सौर झाली, ती अशाच लहान संचांवर. गोव्यात मात्र पहिल्या 100 युनिटचा दर दोन रुपयांच्या आसपास असल्याने कमी वापराच्या घरांना वसुलीला बरीच जास्त वर्षे लागतात. तिथे एसी चालणाऱ्या घरांनीच घाई करावी.

कर्ज हवे असेल तर जनसमर्थ पोर्टलवरून राष्ट्रीयीकृत बँकांकडे अर्ज करता येतो. 3 किलोवॅटपर्यंत तारण लागत नाही आणि व्याज रेपो दराला जोडलेले, म्हणजे वैयक्तिक कर्जापेक्षा खूपच कमी असते. विक्रेत्याच्या ओळखीची वित्तकंपनी घेण्याआधी दोन्ही दर शेजारी ठेवून बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आहे, तेव्हा कोटेशन जुन्या दराचे तर नाही ना, तेही पाहा.

कोटेशनमध्ये काय वाचायचे

अनुदान हवे तर पॅनेल भारतात बनवलेल्या सेलचेच, म्हणजे डीसीआर, लागते. नुसते ‘मेड इन इंडिया’ पुरत नाही, कारण आयात सेल इथे जोडूनही पॅनेल बनते आणि ते स्वस्त असते. फसवणूक इथेच होते : पैसे डीसीआरचे, माल बिगर-डीसीआर. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या डीसीआर पोर्टलवर अनुक्रमांकावरून पडताळणी होते. पॅनेल गच्चीवर चढवण्याआधी प्रत्येकाच्या अनुक्रमांकाचा फोटो काढून ठेवा. चौकट चढली की मागची पट्टी वाचायला शिडी लागते.

अनुदान पॅनेलची बेरीज आणि इन्व्हर्टरची (पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसीत बदलणारे यंत्र) क्षमता यांतल्या कमी आकड्यावर मिळते. 540 वॅटची सहा पॅनेल म्हणजे 3.24 किलोवॅट आणि इन्व्हर्टर 3 किलोवॅटचा : अनुदान पूर्ण. 590 वॅटची पाचच लावली तर 2.95, मग 78,000 ऐवजी 77,100. नुकसान किरकोळ आहे, पण 2 किलोवॅटच्या इन्व्हर्टरवर 3 किलोवॅटची पॅनेल टाकून ‘अनुदान तीनचे मिळेल’ असे कोणी सांगत असेल तर ते होणार नाही.

मोनो पर्क की टॉपकॉन, म्हणजे सेलच्या दोन प्रकारांतला कोणता, हा प्रश्न विदर्भात आणि खानदेशात महत्त्वाचा. मे महिन्यात पॅनेलचा पृष्ठभाग 70 अंशांपर्यंत जातो. पर्कचे उत्पादन 25 अंशांच्या वर प्रत्येक अंशाला सुमारे 0.35 टक्के घटते, म्हणजे 45 अंशांना जवळपास 16 टक्के. टॉपकॉनची घट 0.29 ते 0.30 असते, म्हणजे 13 टक्क्यांच्या आसपास. फरक तीन टक्क्यांचा. किंमत तेवढीच जास्त असेल तर टॉपकॉन घ्या, दहा टक्के जास्त मागत असतील तर पर्कही वाईट नाही. त्यापेक्षा पॅनेलखालून वारा खेळतो की नाही, हे बघा. पत्र्यावर चिकटवून बसवलेले महागडे पॅनेल मोकळ्या उभारलेल्या साध्या पॅनेलपेक्षा जास्त तापते.

इन्व्हर्टर हाच संचातला सर्वांत आधी बिघडणारा भाग. पॅनेलची कामगिरी हमी 25 वर्षांची असते, इन्व्हर्टरची 5 ते 10. म्हणून ब्रँड निवडताना जिल्ह्याच्या ठिकाणी सेवा केंद्र आहे का, बदली इन्व्हर्टर किती दिवसांत मिळतो, हे विचारा. योजनेच्या करारानुसार विक्रेत्याने पाच वर्षे देखभाल द्यायची आहे. कोटेशनमध्ये ती ‘फ्री’ म्हणून भेट दिल्यासारखी लिहिलेली असते. ती भेट नाही, करारातले बंधन आहे. संचाची कामगिरी, म्हणजे सैद्धांतिक उत्पादनाच्या तुलनेत प्रत्यक्ष उत्पादन, किमान 75 टक्के असावी, ही अटही त्याच करारात आहे.

पैशांचा क्रम असा ठेवा : सामान गच्चीवर आल्यावर मोठा हप्ता, बसवणी पूर्ण झाल्यावर दुसरा, आणि निदान दहा टक्के नेट मीटर लागून पहिले बिल येईपर्यंत हातात. शंभर टक्के आगाऊ दिले की नेट मीटरच्या फाइलचा पाठपुरावा आपल्यालाच करावा लागतो.

गच्चीवर

एका किलोवॅटला सुमारे 100 चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. ‘सावलीविरहित’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पाण्याची टाकी, जिन्याची टोपी, शेजारचा नारळ, डिश अँटेना यांची सावली डिसेंबरात सकाळी 9 ते दुपारी 4 यांदरम्यान कुठे पडते, ते बघा, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे सर्वांत खाली असतो आणि जूनमध्ये दिसणारी मोकळी जागा तेव्हा मोकळी राहत नाही. सहा पॅनेल एका माळेत जोडलेली असतात. एकावर पडलेली सावली माळेचे उत्पादन खाली ओढते. सावलीतला भाग वगळून वीज पुढे नेणारे बायपास डायोड असतात, तरी एका पॅनेलचा एकतृतीयांश भाग तरी जातोच, आणि रोज त्याच जागी सावली पडली तर तो भाग तापून पिवळा पडतो. सावली टाळता येत नसेल तर प्रत्येक पॅनेल स्वतंत्र चालवणाऱ्या मायक्रो-इन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझरचा जादा खर्च करा. सावली नसेल तर त्यांची गरज नाही.

चौकटीचा उतार दक्षिणेकडे 15 ते 20 अंश असावा. पाच-सात अंशांवर बसवलेल्या पॅनेलच्या खालच्या कडेला चिखलाची पट्टी साचते आणि पावसाळ्यात तिथे शेवाळ धरते.

आता महाराष्ट्रातल्या गच्च्यांचा खास प्रश्न : ब्रिकबॅट कोबा. स्लॅबवर चार-पाच इंच विटांचे तुकडे आणि चुना-सिमेंट असते. त्यात ठोकलेला अँकर बोल्ट वाऱ्यात धरत नाही, आणि स्लॅबपर्यंत खोल ठोकला तर कोबा फुटून पहिल्याच पावसात खालच्या खोलीत ओल उतरते. योग्य उपाय दोन. कॉलमचे गज वर काढलेले असतील तर त्यांवर पाय उभारणे, नाहीतर कोब्यावर छिद्र न पाडता सिमेंट काँक्रीटचे जड ठोकळे ओतून पाय त्यांत बसवणे. ठोकळ्यांचे वजन वाऱ्याच्या ओढीच्या हिशेबाने ठरते, अंदाजाने नाही. सहा पॅनेल म्हणजे पंधरा चौरस मीटरचे शीड आहे. ते 150 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात टिकेल अशी रचना मागा आणि तिचे रेखाचित्र घ्या. खाली बसता यावे म्हणून आठ-नऊ फूट उंच मांडव घेतला तर हा हिशेब आणखी कडक होतो. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीत पत्रे उडालेले ज्यांनी पाहिले त्यांना हे वेगळे सांगायला नको.

कोकण किनाऱ्यावर लोखंडाला 80 मायक्रॉनचे गरम गॅल्व्हनायझिंग हवेच, शिवाय जागेवर कापलेल्या आणि वेल्डिंग केलेल्या ठिकाणी जस्ताचा लेप पुन्हा दिला पाहिजे. गंज तिथूनच सुरू होतो. बोल्ट एसएस 304 चे, खाडीलगत 316 चे. कौलारू घरावर पॅनेल टाकण्याच्या फंदात पडू नका. अंगणात किंवा गोठ्यावर स्वतंत्र चौकट उभारा. पत्र्याचे छप्पर असेल तर पत्र्याच्या उंचवट्यावर, खाली ईपीडीएम रबर लावून, पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या पट्टीला) धरणारे स्क्रू हवेत. पन्हाळीत मारलेला स्क्रू गळतोच.

वायरिंगमध्ये कंजुषी सर्वांत जास्त होते आणि सर्वांत कमी दिसते. पॅनेलकडून इन्व्हर्टरकडे 4 चौरस मिलिमीटरची कल्हई केलेली तांब्याची सौर केबल हवी. सहा पॅनेलच्या माळेत 250 ते 300 व्होल्टचा डीसी प्रवाह असतो. त्याची ठिणगी एसीसारखी विझत नाही. बऱ्याच आगी एमसी4 जोडावर, म्हणजे पॅनेलच्या केबलच्या प्लगवर, लागतात : एका कंपनीचा नर, दुसऱ्या कंपनीची मादी, किंवा पकडीने चेपून केलेला जोड. दोन्ही एकाच मेकचे आणि योग्य क्रिंपिंग टूलने बसवलेले हवेत. केबल पन्हाळीत लोळत ठेवलेली नको, नळीत आणि चौकटीला बांधलेली हवी.

इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची एसी केबल लांब असेल तर एक वेगळाच त्रास होतो. 3 किलोवॅटला 13 अँपिअर वाहतात. 30 मीटर अंतरावर 2.5 चौरस मिलिमीटर तांब्यात जवळपास 6 व्होल्ट चढतात, 4 मध्ये साडेतीन. गावाकडे रोहित्राजवळच्या घरात दुपारी शेतीपंप बंद असले की आधीच 250 व्होल्ट असतात. त्यात हे सहा मिळाले की इन्व्हर्टर ‘ग्रिड ओव्हरव्होल्टेज’ दाखवून बंद पडतो, नेमका बारा ते दोनमध्ये, जेव्हा कमाई सर्वांत जास्त असते. काही तंत्रज्ञ इन्व्हर्टरची मर्यादाच वर सरकवतात. मग इन्व्हर्टर चालतो आणि घरातला फ्रिज व टीव्ही मार खातात. बरोबर उपाय म्हणजे जाड केबल, इन्व्हर्टर मीटरजवळ आणणे, आणि व्होल्टेजच्या नोंदी लावून रोहित्राचा टॅप बदलून व्होल्टेज उतरवण्याचा लेखी अर्ज उपविभागीय कार्यालयात देणे.

अर्थिंगचे तीन स्वतंत्र खड्डे : चौकटीचा, एसीचा आणि वीजरोधकाचा. तिन्ही तारा एकाच खड्ड्यात सोडल्या तर वीज पडल्यावर ती इन्व्हर्टरमधूनच वाट काढते. दख्खनच्या काळ्या पाषाणात तीन मीटर सळई जात नाही, मग ती कापून दीड फुटात पुरली जाते. मुरूम आणि खडक असलेल्या जागी केमिकल अर्थिंगसाठी छिद्र पाडून घ्या, 5 ओहमच्या आतला आकडा मीटरवर स्वतः बघा आणि उन्हाळ्यात पुन्हा मोजा. ओल्या जमिनीत जुलैत आलेला आकडा मे महिन्यात टिकत नाही.

एक गोष्ट विक्रेते सांगायला विसरतात. साधा ऑनग्रिड, म्हणजे लाइनला जोडलेला, बॅटरीविना संच लाईट गेली की भर दुपारीही बंद होतो. हा दोष नाही. बंद लाइनवर खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव वाचावा म्हणून ती सोय आहे. लाईट वारंवार जाणाऱ्या भागात हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, पण बॅटरीला अनुदान नाही आणि ती हिशेब पार बदलते. दोन तासांच्या भारनियमनासाठी घरातला जुना इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी तशीच ठेवणे बहुतेकांना पुरते.

नेट मीटर, आणि 31 मार्च

बसवणी दोन दिवसांत होते. नेट मीटर लागेपर्यंतचा काळ हा या सेवेतला सर्वांत कच्चा दुवा. या काळात संच चालू करू नका. जुने बरेच इलेक्ट्रॉनिक मीटर उलट जाणारी वीजही वापर म्हणूनच मोजतात, आणि फुकट वीज मिळेल या आशेने चालू केलेला संच बिल वाढवतो. चाचणीसाठी अर्धा तास ठीक, मग डीसी स्विच खाली. महावितरणचे 1912 किंवा 1800-233-3435 आणि योजनेचा 15555 हे क्रमांक तक्रारीसाठी आहेत. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल. अर्जाच्या प्रत्येक टप्प्याची तारीख पोर्टलवर दिसते, तिचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा.

मीटर लागला की पहिल्या दिवशी आयात आणि निर्यात दोन्ही आकड्यांचा फोटो घ्या. मीटरच्या पडद्यावर आयात 1.8.0 आणि निर्यात 2.8.0 या खुणेने येते. पहिल्या दोन बिलांत चुका इथेच सापडतात : सुरुवातीची निर्यात शून्य धरलेली नसते, मीटर बदलल्याची नोंद उशिरा होते आणि बिल सरासरीने निघते, किंवा निर्यात युनिट लागतच नाहीत. ॲपमधले उत्पादन आणि बिलावरची निर्यात जुळत नाही म्हणून तक्रार करणारेही बरेच असतात. ती जुळणार नाहीत. दिवसा घरात वापरलेली वीज मीटरपर्यंत जातच नाही. उत्पादनातून निर्यात वजा केली की दिवसाचा घरवापर कळतो.

स्थिर आकार राहतोच, सिंगल फेजला 130 रुपयांच्या आसपास. थ्री फेज घेतला तर तो 400 च्या वर जातो. तीन किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी कोणी थ्री फेज करा म्हणत असेल तर नाही म्हणा.

शिल्लक युनिट महिन्यामागून महिना पुढे जातात, पण 31 मार्चपर्यंतच. त्या दिवशी उरलेली युनिट वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या, आपल्या बिलाच्या दरापेक्षा पुष्कळ कमी दराने खरेदी होतात आणि खाते कोरे होते. महाराष्ट्राच्या हवामानाशी ही तारीख अगदी विसंगत आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन कडक, एसी अजून सुरू नाही, म्हणून शिल्लक भरपूर. एप्रिल-मेमध्ये एसी सुरू होतात तेव्हा ही शिल्लक शून्य. हिशेबाचे वर्ष सप्टेंबरात संपले असते तर फेब्रुवारी-मार्चची शिल्लक उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात कामी आली असती, नियामक आयोगाने याचा विचार करायलाच हवा. तोवर मार्चच्या पहिल्या आठवड्यात शिल्लक बघा. शंभर-दीडशे युनिट असतील तर गोधड्या-पडदे धुणे, उन्हाळी वाळवणाचे दळण, इंडक्शनवरचा स्वयंपाक त्या महिन्यात उरका. गॅस सिलिंडर वाचतो आणि युनिटही वाया जात नाहीत.

धुण्याचेही सांगून ठेवायला हवे. ऑक्टोबर ते मे दर दहा-पंधरा दिवसांनी, सकाळी ऊन चढण्याआधी, मऊ फडक्याने. तापलेल्या काचेवर थंड पाणी नको. बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरले तर पांढरा थर बसतो आणि तो नंतर निघत नाही, टाकीचे गोडे पाणी घ्या. पॅनेलवर पाय ठेवू नका. काच फुटत नाही, आतल्या सेलला केसासारखी चीर जाते आणि ती दोन वर्षांनी उत्पादनात दिसते. 3 किलोवॅटच्या संचाने निरभ्र मार्चच्या दिवशी 13 ते 15 युनिट द्यायला हवीत, जुलैत 7-8 वर समाधान माना. मार्चमध्ये आकडा 11 च्या खाली असेल तर आधी धुवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. तरीही चढला नाही तर ॲपमध्ये दिवसाच्या उत्पादनाचा आलेख उघडा. तो दुपारी 12 च्या सुमारास माथ्यावर कापलेला असेल तर दोष लाइनचा, आणि दिवसभर सारखाच खाली असेल तर माळेतल्या एखाद्या जोडाचा. मग पाच वर्षांच्या देखभाल करारातला फोन लावायचा.